हाकेच्या टप्प्यात

काल सकाळी कचऱ्याचं बिन रस्त्यावर ठेवायला गेले आणि कोपऱ्यावरचा वॉटल फुललेला दिसला.

सिडनीच्या टोकाला आमच्या स्कोफिल्ड्समध्ये सगळंच नवं आहे. घरं नवी, रस्ते नवे, आणि झाडंही कौन्सिलनं काठ्यांना बांधून उभी केलेली, शाळेच्या पहिल्या दिवशी रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखी. त्यातलंच हे एक, माझ्या खांद्याला लागेल एवढं. परवापर्यंत नुसती राखी पानं होती. काल बघते तर अंगभर पिवळे गोंडे. बारीक, मऊ, हात लावला तर बोटांना पिवळी भुकटी लागेल असे. मी बिनचं हँडल धरून तशीच उभी राहिले. घरातून नातीनं हाक मारली, "आजी, आर यू ओके?" मी म्हटलं, हो. ऑगस्ट आला की घरातलं प्रत्येक जण मला हे विचारतं आणि मी प्रत्येकाला हो म्हणते.

वॉटल म्हणजे आपली बाभळच. हे मला साळव्यांनी दाखवलं. साळवे म्हणजे माझे यजमान. नगर जिल्ह्याच्या ज्या कोरड्या भागात आम्ही दोघं वाढलो तिथे झाड म्हणजे बाभूळ. तिच्या सावलीत शेळ्या आणि तिच्या काट्यांनी भोकं पडलेल्या आमच्या चपला. वॉलॉंगॉंगला कीथ नावाच्या एका म्हाताऱ्याच्या फाटकाशी वॉटल पहिल्यांदा फुललेला बघितला, तेव्हा साळवे हातातला बॉक्स सावरत थांबले, एक डहाळी नाकाशी ओढली आणि म्हणाले, "अगं, ही तर बाभळ. काटे कुठे गेले हिचे?"

"ऑस्ट्रेलियाला आली. सुधारली," मी म्हटलं.

"मग तू कधी सुधारणार?"

वॉलॉंगॉंगला आम्ही गेलो ते चर्चच्या कामावर. आमच्या मंडळीत एक रिवाज आहे. नोकरी संपली, मुलं मार्गाला लागली, की नवरा-बायकोनं जोडीनं दीड वर्षं घर सोडायचं, पाठवतील त्या गावी जाऊन राहायचं, तेही पदरच्या खर्चानं, आणि सांगतील ते काम करायचं. याला सिनियर मिशन म्हणतात. तरुण पोरं दारोदार जाऊन प्रभूचं वचन सांगतात. आमचे ते गुडघे राहिलेले नसतात. आम्हाला एवढंच सांगितलं जातं की गावात मिसळा, आणि जिथे हात कमी पडत असतील तिथे हात लावा. शेजारच्या जोशीवहिनींना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे वानप्रस्थ म्हणा की!" त्यावर साळवे म्हणाले, "वानप्रस्थात जंगलात जावं लागतं, वहिनी. आम्हाला टू-बेडरूम फ्लॅट आहे."

खरं तर आम्हाला फिजी मिळालं होतं. मी पातळ सुती कपडे शिवून घेतले होते. मग तो आजार आला, सीमा बंद झाल्या, आणि फिजीऐवजी ट्रेननं दोन-अडीच तासांवरचं वॉलॉंगॉंग हातात आलं. मी रुसले. साळव्यांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, "समुद्र आहे ना? झालं तर."

समुद्र होता. एका अंगाला हिरवा सरळ उभा कडा, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, आणि दक्षिणेला पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून धूर दिसायचा आणि लाटा ऐकू यायच्या.

कामाला लागण्याआधी आम्हाला व्हिडिओवरून शिकवणी मिळाली. शिकवणारा मुलगा जेमतेम तिशीचा, नुकतं लग्न झालेला. त्यानं अगदी संकोचून आम्हाला मिशनचा सगळ्यात जुना नियम सांगितला. जोडीदाराला कधी एकटं सोडायचं नाही. घराबाहेर असाल तेव्हा एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. त्याला वाटलं तो आम्हाला बंधन घालतोय. मला आठवतंय, साळवे स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडे बघत राहिले आणि मग दोघांनाही हसू आवरेना. त्या बिचाऱ्याला वाटलं आवाज तुटतोय.

त्याला काय माहीत. पुण्यात असताना माझी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळची ड्यूटी आणि साळव्यांची चिंचवडच्या कंपनीत रात्रपाळी. मी निघताना ते घरात शिरायचे, जिन्यात भेट व्हायची. सिडनीला आलो तर माझी लॅब पहाटेची आणि ते बस चालवायचे संध्याकाळची. आमचा निम्मा संसार फ्रिजच्या दारावर झाला. कुकरमध्ये भात आहे. अमोलला ताप आहे. दूध संपलंय. रिटायर झाल्यावर निवांत बसू, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो की ते वाक्य म्हणजे आमच्या घरातलं एक फर्निचर झालं होतं. आणि आता चर्चच सांगत होतं की या माणसाला नजरेआड करू नकोस. आयुष्यात इतकं मोठं बक्षीस मला कुणी दिलं नव्हतं.

आम्ही तो नियम पाळला तो पोरकटपणाच्या थराला जाऊन पाळला. ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, मी स्वेटर बघायला कपड्यांच्या रांगांत शिरले की साळवे बाहेरून विचारायचे, "आहेस ना?" मी म्हणायची, "आहे." सुपरमार्केटमध्ये मी दोन रांगा पलीकडून हाक द्यायची, "अहो!" आणि डब्यांच्या भिंतीमागून उत्तर यायचं, "ओ!" गोरी माणसं वळून बघायची. बघू देत.

काम साधं होतं. गावातल्या एका सेंटरमध्ये गरजूंसाठी खोल्या भरून अन्नाची कपाटं होती. तिथे डब्यांवरच्या तारखा बघायच्या, ब्रेड वेगळा करायचा, बॉक्स भरायचे, आणि लॉकडाउनमध्ये ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्या दाराशी पोचवायचे. साळवे बॉक्स उचलायचे, मी बेल वाजवायची. बॉक्स पायरीवर, मग आम्ही मागे लेटरबॉक्सपाशी, मग दार उघडणार. तेवढ्या अंतरावरून दोन शब्द बोलायचे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे. बी.एस्सी., मायक्रोबायॉलॉजी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ज्या आईनं मिशनच्या बोर्डिंगमध्ये चुलीपुढे भाकऱ्या थापून मला शिकवलं तिच्यासाठी सांगते. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाला तो माझ्या डिग्रीवर, साळव्यांच्या नाही. तेही सांगते, आणि साळवे जिवंत असताना माझ्याआधी तेच सांगायचे. पण लहानपणी मी मिशन कंपाउंडात दूध पावडरीच्या रांगेत उभी राहिलेली आहे, हातात जर्मनचा डबा घेऊन. वाढणारी बाई चांगली होती. पण ती डब्याकडे बघायची, माझ्याकडे नाही. घरी येऊन मी आईला म्हटलं होतं, मी पुन्हा कुणाकडून काही घेणार नाही. आई म्हणाली, "दूध पी आधी." म्हणून वॉलॉंगॉंगला दार उघडलं की मी आधी माणसाच्या तोंडाकडे बघायची. बॉक्सचा विषयच काढायची नाही. पावसाचं बोलायची, कुत्र्याचं बोलायची.

कीथच्या दाराशी ही युक्ती चालली नाही.

कीथ कारखान्यातून रिटायर झालेला, पंचाहत्तरीच्या पुढचा, उंच, एका खांद्यानं वाकलेला माणूस. त्याला बॉक्सची गरज पैशामुळे नव्हती. त्याची बायको व्हॅल तीन गल्ल्या पलीकडच्या वृद्धाश्रमात होती, आणि तिथली दारं आजारामुळे बंद झाल्यापासून त्यानं स्वयंपाक करणं सोडलं होतं. शेजाऱ्यांनी सेंटरला कळवलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं दार उघडलं, बॉक्सकडे बघितलं, आमच्या छातीवरच्या बिल्ल्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "देवबिव काही नको हां मला."

"बीन्स आहेत," साळवे म्हणाले.

"जास्त गरज असलेलं कुणीतरी असेल. त्यांना द्या."

हे वाक्य मी ओळखते. मी स्वतः ते जन्मभर म्हणत आलेय. मी म्हटलं, "बॉक्स परत न्यायचा तर यांना पुन्हा वाकावं लागेल. यांची पाठ दुखते."

साळव्यांची पाठ ठणठणीत होती. पण त्यांनी लगेच कमरेवर हात ठेवला. कीथनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि पायानं बॉक्स दाराच्या आत सरकवला. पुढच्या आठवड्यात तोच बॉक्स फाटकाशी आमची वाट बघत होता, आत झाडाची लिंबं भरलेली. मी मनात म्हटलं, बरोबर. आमच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत.

मग ती आमची सवय झाली. शेवटचं घर कीथचं ठेवायचं, आणि त्याच्या वॉटलखाली, लेटरबॉक्सच्या अलीकडे-पलीकडे, अर्धा तास बोलत उभं राहायचं. त्यानं साळव्यांना नाव विचारलं. शांतवन, त्यांनी सांगितलं. आमच्यात हे नाव पुष्कळ घरांत असतं. दुःखात धीर देणारा, असा त्याचा अर्थ. कीथनं ते दोनदा तोंडात घोळवलं आणि म्हणाला, "शँटो. चालेल?" साळव्यांना चाललं. मी सुमन, माझं स्यू झालं.

"तुम्ही दोघं कायम बरोबर कसे?" एकदा त्यानं विचारलं. साळव्यांनी नियम सांगितला. नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. कीथ म्हणाला, "बिचारा! बाथरूमलासुद्धा?" आणि खूप हसला. मग चिमण्यांकडे बघत म्हणाला, "व्हॅलला आवडला असता हा नियम. मी सगळा जन्म शिफ्टमध्ये घालवला."

साळवे म्हणाले, "मीही, मेट."

तेव्हाच त्यानं मला विचारलं होतं, "आणि तू त्याला ते काय म्हणून हाक मारतेस? आहो? त्याचं नाव तर शँटो आहे."

मी सांगितलं की आमच्याकडे बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. निदान माझ्या पिढीच्या तरी.

"मग त्याचा अर्थ काय?"

आता याचा अर्थ काय सांगणार? मी एवढी पदवीधर बाई, पण तिथे फाटकाशी उभी राहून विचार करत बसले. शेवटी म्हटलं, "त्याचा अर्थ, तू आहेस ना?"

कीथनं मान हलवली. त्याला तो पटला.

व्हॅलच्या वृद्धाश्रमाची दारं बंद होती, पण तिची खिडकी रस्त्याकडे होती. कीथ रोज दुपारी फोल्डिंगची खुर्ची काखेत मारून तिथे जायचा आणि कुंपणाबाहेर फुटपाथवर बसायचा. आतल्या मुली चहानंतर व्हॅलची चाकाची खुर्ची खिडकीशी आणायच्या. ती ओळखायची की नाही, ते तो सांगायचा नाही आणि आम्ही विचारायचो नाही. एकदा पोलिसांची गाडी थांबली. व्यायामाशिवाय बाहेर थांबायला मनाई आहे, पोरसवदा पोलीस म्हणाला. कीथनं सांगितलं, "व्यायामच चाललाय. दोन फेऱ्यांच्या मधे दम खातोय." पोलिसानं खिडकीकडे बघितलं आणि गाडी पुढे नेली.

व्हॅल गेली तेव्हा वॉटलला नुसत्या हिरव्या कळ्या धरल्या होत्या. प्रेताला दहा माणसांची परवानगी होती. कीथची तेवढीही भरेनात, म्हणून त्यानं आम्हाला बोलावलं. प्रार्थना नको, असं त्यानं तिथल्या माणसाला बजावलं होतं. सगळं इतकं कोरडं, इतकं लवकर उरकलं की कुणाला काय करावं कळेना. तेव्हा कीथ साळव्यांना म्हणाला, "शँटो, तुझ्या भाषेतलं काहीतरी म्हण. देवाचं असलं तरी मला काय कळणार आहे?"

साळव्यांनी मास्क लावलेल्या तोंडानं आमच्या गावच्या चर्चमधलं एक जुनं गायन म्हटलं. त्यांचा आवाज चांगला होता, पण मास्कमुळे तो आत कुठेतरी राहिल्यासारखा वाटत होता, विहिरीत उतरलेल्या माणसाचा वाटतो तसा. घरी परत येताना गाडीत ते म्हणाले, "खिडकीतून का होईना, तो होता तिथे." मी म्हटलं, हो. पुढचं काही आम्ही बोललो नाही. बोलायला हवं होतं असंही नाही. बाजूला बसलेलं माणूस असताना सगळं बोलायलाच लागतं असं थोडंच आहे?

त्यानंतर वॉटल फुलला. बाभळीचं ते बोलणं त्याच आठवड्यातलं.

आणि मग एका सकाळी साळवे चहाचा कप उचलायला गेले आणि कप हातातून सुटला. मी ओरडले, "अहो, लक्ष कुठे आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाची एक बाजू खाली आली होती. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्म काढलेला आहे, मला सांगायला कुणी लागत नव्हतं. अँब्युलन्स लवकर आली. माणसं चांगली होती. त्यांनी साळव्यांना नीट गुंडाळलं, पट्टे बांधले, आणि मी पर्स घेऊन मागून चढायला लागले तेव्हा त्यातली मुलगी माझ्या खांद्याला हात न लावता, हवेतच हात धरून म्हणाली, "सॉरी, लव्ह. तुम्हाला नाही येता येणार."

मी म्हटलं, "आम्हाला एकमेकांना सोडायची परवानगी नाही."

तिला काय कळणार? तिनं दार लावलं.

हॉस्पिटलच्या दाराशीही तेच. आत पेशंटशिवाय कुणी नाही. मी वाद घातला. मी मोठ्यानं बोलू शकते आणि मी बोलले. सिक्युरिटीचा माणूस ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "माझी आईपण आत आहे, मॅम."

अमोल, माझा मुलगा, स्कोफिल्ड्सला घरात बंद होता. नातीच्या चाइल्डकेअरमध्ये केस निघाली होती, सगळं घर आत. मंडळीतली माणसं फोनवर प्रार्थना करत होती. मी हॉस्पिटलसमोरच्या कार पार्कच्या कठड्यावर जाऊन बसले आणि त्या इमारतीच्या खिडक्या बघत राहिले. सगळ्या सारख्या. यातली कुठली? दुसऱ्या दिवशीही तेच. गॅलरीतून दिसायची तीच चिमणी इथूनही दिसत होती, तोच धूर, आणि मला पहिल्यांदा त्या गावाचा राग आला.

मग डांबरावर काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. कीथ होता. दोन फोल्डिंगच्या खुर्च्या ओढत आणत होता. एक त्यानं माझ्यासमोर उघडली. दुसरी मोजून दीड मीटर लांब ठेवली आणि तिच्यावर बसला.

"तू कशाला आलास?" मी म्हटलं. माझा आवाज चांगला नव्हता.

"नियम आहे ना तुमचा. एकटं राहायचं नाही."

"तो आमच्या चर्चचा नियम आहे, कीथ. तुझा काय संबंध?"

"काही नाही," तो म्हणाला. "बस खुर्चीवर. कठडा गार आहे."

मी बसले. त्यानं थर्मास काढला, झाकणात चहा ओतला, झाकण मधल्या जमिनीवर ठेवून पुन्हा आपल्या खुर्चीवर गेला. असा वाईट चहा मी जन्मात प्यायले नव्हते. दूध पावडरीचा होता. मी सगळा प्यायले.

तो रोज येत राहिला. खिडक्यांच्या बाबतीत त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. हात हलवत बसू नकोस म्हणाला, दमशील, आणि वरून ते दिसतही नाही. रोज त्याच जागी बस, म्हणजे त्याला शोधावं लागणार नाही. मी नर्सला फोन करून ते सांगितलं. तिनं एका खिडकीचा पडदा खाली-वर केला. चौथ्या मजल्यावर, डावीकडून शेवटची. दुसऱ्या दिवशी कीथ येताना वॉटलची एक मोठी फांदी तोडून घेऊन आला. "एवढ्या उंचीवरून माणसं सगळी सारखीच दिसतात," तो म्हणाला. "हे धर." मी ती फांदी मांडीवर उभी धरून बसले, मिरवणुकीत झेंडा धरतात तशी. येणारे-जाणारे बघायचे. बघू देत.

साळव्यांची वाचा गेली होती. नर्स दुपारी त्यांच्या कानाशी फोन धरायची. मी म्हणायची, "अहो. ऐकताय ना? मी खाली आहे." पलीकडून नुसता मशीनचा आवाज. एक दिवस नर्स मधेच म्हणाली, "डार्लिंग, त्यांना नावानं हाक मारा ना. नावाला माणसं प्रतिसाद देतात."

मी कीथकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

ते नाव मी व्हिसाच्या अर्जांवर लिहिलं होतं, बँकेत सांगितलं होतं, डॉक्टरांना स्पेलिंग करून दाखवलं होतं. त्यांना उद्देशून ते माझ्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "शांतवन."

"ओह," नर्स म्हणाली. "त्यांनी डोळे वळवले. दाराकडे बघतायत."

दाराकडे. माझा आनंद तिथल्या तिथे विझला. बाईच्या आवाजात त्या नावाची हाक त्यांनी जन्मात एकाच माणसाची ऐकली होती, त्यांच्या आईची. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. माझ्या सासूबाई दारातूनच हाक मारायच्या. ते माझ्याकडे वळले नव्हते. ते तिची वाट बघत होते.

मी फोन तोंडाशी घट्ट धरला आणि ओरडले, सगळ्या कार पार्कला ऐकू जाईल असं, "अहो! तिकडे नाही, इकडे. खिडकीकडे बघा. पिवळं दिसतंय का? बाभळ आणलीय!"

नर्स हळू आवाजात म्हणाली, "खिडकीकडे. हो. आता खिडकीकडे बघतायत."

"हसले का?"

ती खरं बोलणारी मुलगी होती. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "एक बाजू हलत नाहीये ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी, मी तिथेच, फांदी तशीच मांडीवर, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या खिडकीचा पडदा खाली आला. मला वाटलं, ऊन येत असेल डोळ्यांवर. कीथनं वर बघितलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. माझा फोन त्यानंतर वाजला.

पुष्कळ जणांनी मला नंतर समजावलं की ते एकटे नव्हते, नर्स होती, देव होता. देव होता हे मला कुणी सांगायला नको. पण मी आजही हा हिशेब सोडवत बसते. मी नजरेच्या टप्प्यात होते. हाकेच्या नव्हते. त्यांनी हाक मारायचा प्रयत्न केला असेल तर ती माझ्यापर्यंत पोचली नाही. हाकेचा टप्पा म्हणजे असतो तरी किती? गावाकडे कोरड्या हवेत आई बोर्डिंगच्या ओट्यावरून हाक मारायची ती मला ओढ्यापलीकडे ऐकू यायची. आणि इथे मधे एक रस्ता, एक काच आणि चार मजले.

साळव्यांना तिथेच माती दिली, समुद्र दिसतो अशा उतारावर. अमोलनं बापाचं दफन फोनच्या स्क्रीनवर बघितलं. त्याच्या वाटणीची मूठभर माती कीथनं टाकली. टाकण्याआधी त्यानं फोनसमोर मूठ धरून अमोलला दाखवली.

मिशनचे महिने उरले होते. चर्चमधून फोन आला, सिस्टर, तुम्ही घरी जा, कुणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, दीड वर्षं कबूल केलंय. ते म्हणाले, पण एकटीला तर ठेवता येत नाही, नियम आहे. हे मी सेंटरमध्ये बॉक्स भरता भरता सांगितलं, रडत नव्हते, नुसतं सांगितलं. पुढच्या सोमवारी कीथ सेंटरच्या दाराशी उभा होता. "प्रार्थनाबिर्थना मी करणार नाही," तो म्हणाला, "आणि तो बिल्ला लावणार नाही. बॉक्स उचलीन." चर्चनं त्याला जोडीदार मानलं नसेल, पण मला कुणी परत बोलावलंही नाही. आम्ही दारोदार फिरलो. तो लेटरबॉक्सपाशी उभा राहायचा, वाकलेल्या खांद्यानं, आणि सेंटरमध्ये मी कपाटांच्या मागे दिसेनाशी झाले की ओरडायचा, "स्यू! कुठे निघालीस?"

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. लोक मास्क विसरलेत, दीड मीटर विसरलेत. माझी एक सवय मात्र जात नाही. कुणाच्याही दाराची बेल वाजवली की मी एक पाऊल मागे येते आणि डाव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडते. जोशीवहिनी म्हणतात, "अहो, या ना आत, अशा काय लांब उभ्या?"

आज दुपारी मी वॉलॉंगॉंगला आले. सेंट्रल स्टेशनला गाडी बदलली, बोगदे गेले, मग डावीकडे एकदम समुद्र. दर वर्षी वॉटल फुलला की मी येते. आधी त्या उतारावर जाते, मग कीथकडे. तो फाटकाशी वॉटलखाली दोन खुर्च्या टाकून बसला होता. आता त्याला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून खुर्च्या जवळजवळ. मी चांगल्या कानाच्या बाजूला बसले. त्यानं चहा ओतला, तसाच वाईट. चिमण्यांचा धूर समुद्राकडे वाकला होता. वारा सुटला आणि झाडावरून पिवळी भुकटी उतरली, माझ्या शालीवर, त्याच्या टोपीवर, चहाच्या झाकणात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, सुपरमार्केटमध्ये निघायचं तसं, "अहो!"

कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकलं. कीथ चिमण्यांकडे बघत राहिला. चहाचा एक घोट घेतला.

"तो नाहीये, लव्ह," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "मी आहे पण."